दुपारची झोप कुठे लागेल, ते आधी पाहावे

वाचकांचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी दीड वर्षाची आहे. डिसेंबरात तीन रात्रींसाठी समुद्रकिनारी जाण्याचे ठरत आहे. सोबत सासू-सासरे असतील आणि सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. यजमानांना तारकर्लीला जायचे आहे, सासूबाईंना गणपतीपुळ्याचे दर्शन घडावे असे वाटते आणि मला जवळच, अलिबागच्या बाजूला जावेसे वाटते. तिकडे दोन जागा पाहून ठेवल्या आहेत. एक मोठे रिसॉर्ट आहे. तेथे जलतरण तलाव आहे, खोली दुसऱ्या मजल्यावर असून खिडकीतून समुद्र दिसतो. दुसरी जागा नागावजवळ नारळ-पोफळीच्या वाडीतली, घरगुती आणि तळमजल्यावरची आहे. तेथून समुद्र दिसत नाही, परंतु पाच मिनिटांत चालत जाता येते असे मालक सांगतात. मुले इतकी लहान असताना कोणती जागा निवडावी?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या एका प्रश्नात दोन निर्णय गुंतलेले आहेत. कोणत्या गावी जावे हा एक, आणि त्या गावात कोणाच्या घरी उतरावे हा दुसरा. त्यांपैकी पहिला तुमच्या मुलीच्या वयाने जवळजवळ करूनच टाकला आहे. तारकर्ली ठाण्याहून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. तेथील पाणी, वाळू आणि पर्यटन महामंडळाचे अगदी किनाऱ्यालगतचे निवास यांविषयी तुमच्या यजमानांचे म्हणणे खोटे नाही. परंतु तीन रात्रींच्या सुट्टीसाठी दीड वर्षाच्या मुलीला जाताना दहा-बारा तास आणि येताना तितकेच तास मोटारीत बसवायचे, म्हणजे सहल रस्त्यावरच साजरी करण्यासारखे आहे. पाच-सहा रात्रींची सवड असेल, तेव्हा रात्री ठाण्याला कोकणकन्या एक्सप्रेस धरून सकाळी कुडाळला उतरावे आणि पुढचे तीसेक किलोमीटर रिक्षाने किंवा टॅक्सीने जावे. मुले गाडीत झोपतात आणि मोठ्यांनाही शीण होत नाही. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, एवढे यजमानांच्या लक्षात आणून दिलेत, तर तारकर्ली नाकारली गेली असे न वाटता ती पुढे ढकलली गेली, असे त्यांना वाटेल.

गणपतीपुळ्याचे देऊळ ऐन समुद्रकाठी आहे आणि त्या परिसराला तोड नाही, परंतु तेथील समुद्र पाण्यात उतरण्यासाठी धोक्याचा म्हणून ओळखला जातो. समोर समुद्र पसरलेला असताना सहा वर्षांच्या मुलाला तीन दिवस ‘पाण्यात जायचे नाही’ असे बजावत राहणे हे मुलावर आणि तुमच्यावरही अन्यायाचे होईल. सासूबाईंच्या मनातले दर्शन मात्र टाळू नये. अलिबागहून परतताना वडखळहून थेट पनवेलकडे न वळता नागोठण्याच्या बाजूला उतरून वाकणफाट्याने पालीला गेलात, तर बल्लाळेश्वराचे दर्शन होते. अष्टविनायकांपैकी एकाचे दर्शन पदरात पडल्यावर त्यांचा आग्रह बराच सौम्य होईल, असा माझा अनुभवावरून अंदाज आहे.

आता मुक्कामाविषयी. अशी पत्रे मला दर हिवाळ्यात येतात आणि बहुतेकांत खोलीतून समुद्र दिसतो की नाही, हीच चौकशी आधी असते. माझे मत याच्या उलट आहे. दीड वर्षाचे मूल सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, फार तर दीड तास समुद्रावर रमते. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र ते मुक्कामाच्या जागी असते. तेथे ते जेवते, झोपते, रडते, पडते, आणि त्याच्यामागे तुम्ही धावत असता. म्हणून जागा निवडताना समुद्राचा विचार दुसरा करावा आणि दुपारी बारा ते चार या वेळात त्या जागेत काय होईल, याचा विचार पहिला करावा. दुपारची झोप नीट झालेले मूल संध्याकाळी वाळूत आनंदाने बसते. ती झाली नसेल, तर जगातला कोणताही किनारा त्याला आवडत नाही.

हे मी ठेच लागून शिकले. माझी लेक तीन वर्षांची असताना आम्ही नेरुळहून असेच कोकणात गेलो होतो आणि मी हट्टाने पहिल्या मजल्यावरची, समुद्राकडे तोंड असलेली खोली घेतली होती. भिंतभर काच होती आणि तिचे वेगळे पैसे मोजले होते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे भूगोलात शिकलेले असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्या खिडकीतून समुद्र दिसतो, तिच्यातूनच दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ऊन आत येते. नेमक्या मुलीच्या झोपेच्या वेळी खोली भट्टीसारखी तापली. परिणामी ज्या काचेचे पैसे दिले, तिचेच पडदे तीन दिवस ओढून ठेवावे लागले. शिवाय समुद्रावरून येताना वाळूने माखलेले मूल कडेवर घेऊन जिना चढायचा आणि ती वाळू थेट न्हाणीघरात नेऊन धुवायची. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची मोरी तुंबली आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातही वाळू कचकचू लागली.

तुमच्या दोन जागांचा कौल मी याच अनुभवावरून देते आहे. नागावजवळची वाडी घ्या. नारळ-पोफळीच्या दाट सावलीत दुपारी जो गारवा असतो, तो वातानुकूलित खोलीतही मिळत नाही. तळमजला असल्यामुळे सासऱ्यांना जिना चढावा लागणार नाही आणि मुलगी अंगणात उतरली तर हाताशी राहील. समुद्र दिसत नाही ही तेथील उणीव नव्हे. तो दिसत नाही म्हणूनच मुलगा दुपारी ‘आत्ताच जाऊया’ असा धोशा लावणार नाही.

रिसॉर्टमधला जलतरण तलाव ही सोय आहे असे सगळे धरून चालतात, पण तुमच्या मुलांच्या वयाला ती जबाबदारीच अधिक आहे. डिसेंबरात त्या तलावाचे पाणी सकाळी चांगलेच गार असते, त्यामुळे धाकटीला त्याचा उपयोग नाही. थोरला मात्र त्यातून बाहेर निघायचे नाव घेणार नाही आणि समुद्रावर आलो होतो हेच विसरून जाईल. तलावाला चारही बाजूंनी कुंपण आणि बंद होणारे दार आहे का, हे पाहिल्याशिवाय मी तरी लहान मूल घेऊन तेथे उतरणार नाही. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे ओरडत नाही, ते गुपचूप पाण्याखाली जाते. दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जाचीही हीच गोष्ट आहे. गजांमध्ये चार इंचांहून अधिक अंतर असेल किंवा सज्जात प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असेल, तर सुट्टीभर एक मोठा माणूस त्या दाराशी पहाऱ्याला बसवावा लागतो.

याचा अर्थ वाडीत धोका नाही असा मात्र घेऊ नये. तेथील धोके वेगळे असतात आणि शहरातल्या माणसाच्या नजरेत ते येत नाहीत, इतकेच. पैसे पाठवण्यापूर्वी मालकांना, शक्यतो मालकीणबाईंना, फोन करावा आणि वाडीत विहीर आहे का, तिला कठडा किती उंच आहे आणि वर जाळी आहे का, हे स्पष्ट विचारावे. कोकणातल्या बहुतेक वाड्यांत शिंपण्यासाठी विहीर असते. जुन्या विहिरींचे कठडे गुडघ्याएवढेच असतात, आणि दगड टाकल्यावर ‘डुबुक’ असा आवाज येतो हे एकदा कळले, की सहा वर्षांचा मुलगा तेथून हलत नाही. जाळी नाही असे उत्तर आले, तर दुसरी वाडी पाहावी. त्यात भिडेखातर तडजोड करू नये. शिंपणाची दोणी किंवा पाण्याची उघडी टाकी आहे का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्यावे. न्हाणीघरातली भरलेली बादलीसुद्धा दीड वर्षाच्या मुलाला पुरेशी खोल असते. म्हणून अंघोळ झाली की बादली रिकामी करून पालथी घालण्याचे काम कोणा एकाकडे, समजा यजमानांकडे, नेमून द्यावे.

खाट किंवा मुलांची बैठक नारळाच्या झाडाखाली टाकू नये. वाडीतली माणसे स्वतः तेथे कधी बसत नाहीत, आणि तेवढ्यावरून काय ते समजून घ्यावे. रात्री बाहेर काढून ठेवलेल्या चपला सकाळी झटकून घालाव्यात, कारण पाचोळ्यात विंचू असू शकतो. डासांसाठी मच्छरदाणी मिळते का ते विचारावे आणि मिळत नसेल, तर घरची घडीची मच्छरदाणी गाडीत टाकावी. तिकडे वीज जाते, तेव्हा पंख्याला इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न मुलगी लहान असल्यामुळे चैनीचा ठरत नाही. सासऱ्यांसाठी कमोड आहे का, आणि न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे की खरखरीत, हेही विचारून ठेवावे.

याहून महत्त्वाचा एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. अंगणात नळ आहे का? समुद्रावरून आल्यावर मुलांना अंगणातच उभे करून, डायपर तेथेच उतरवून, पायांपासून डोक्यापर्यंत तांब्याने धुऊन काढता आले आणि कपडे वाळत घालायला दोन झाडांमध्ये दोरी असली, तर निम्मी सुट्टी सुखाची होते. ज्या मालकीणबाई हा प्रश्न ऐकून हसतात आणि ‘नळ आहे, गरम पाण्याचा बंबही तिथेच आणून ठेवते’ असे म्हणतात, त्यांच्या घरी डोळे मिटून जावे.

‘पाच मिनिटांत समुद्र’ या वाक्यावर मात्र विश्वास ठेवू नये. ते कोणाच्या पायांनी मोजले आहे, हे विचारावे. एकदा आम्हाला ‘दोन मिनिटांवर किनारा’ म्हणून दिलेल्या जागेपासून किनारा खरोखरच दोन मिनिटांवर होता, परंतु मोटारीने, आणि मध्ये वर्दळीचा रस्ता ओलांडावा लागत होता. मोबाइलवरच्या नकाशात वाडीचे नेमके ठिकाण मागवून घ्यावे आणि चालण्याचा मार्ग पाहावा. दीडशे-दोनशे मीटरपर्यंतची पायवाट, मध्ये मोठा रस्ता नाही आणि शेवटी सुरूचे बन, अशी रचना असेल, तर त्याहून चांगले काही मिळणे कठीण आहे. पायवाटेच्या टोकाला भरतीच्या धूपेमुळे खचलेला बांध किंवा दगडांचा बंधारा असेल, तर सासऱ्यांना उतरता येणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

नागावविषयी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. शनिवार-रविवारी त्या किनाऱ्यावर घोडागाड्या, वाळूत पळणाऱ्या चारचाकी मोटारसायकली आणि पाण्यातल्या खेळांच्या बोटी यांची इतकी गर्दी असते, की लहान मुलीला खाली ठेवणे अवघड होते. रविवारी दुपारी जाऊन बुधवारी परतण्याचा बेत करता आला, तर तोच किनारा निराळा दिसेल आणि दरही उतरलेले असतील. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा पूर्ण टाळावा. सुट्टीच्या दिवसांतच जाणे भाग असेल, तर नागावला लागूनच असलेल्या अक्षीत चौकशी करावी. तेथील सुरूचे बन आणि किनारा त्या मानाने शांत आहे. (मुलगा अक्षरे जुळवून वाचू लागला असेल, तर याच अक्षीत शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. त्याला तो वाचता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही, परंतु आपली भाषा दगडावर पाहण्याची गंमत वेगळीच असते.)

तारखा ठरवताना शाळेच्या सुट्टीबरोबर पंचांगही पाहावे, असे मी सांगते तेव्हा अनेकांना ते जुनाट वाटते. पण किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ आजही तिथीवरून काढतात. पक्षातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जितके उत्तर येईल, त्या सुमारास समुद्र भरलेला असतो. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी, भर दुपारी, पूर्ण ओहोटी. ही वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखण्यास पुरतो. लहान मुलांना लागते ती ओसरलेल्या पाण्यामागची रुंद, ओली, घट्ट वाळू आणि तिच्यात साचलेली घोटाभर डबकी. ही वाळू चतुर्थी-पंचमीच्या सुमारास सकाळी नऊ-दहा वाजता मिळते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेपाच-सहाला मिळते. एकादशीच्या सुमारास गेलात, तर ती दुपारी दोनच्या उन्हात मिळेल आणि सकाळी न्याहारी उरकून किनाऱ्यावर जावे, तर पाणी सुरूच्या बनापर्यंत आलेले असेल. मात्र पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी जितके दूर जाते, तितक्याच वेगाने परत येते, त्यामुळे सूर्य बुडाला की मुलांना वर आणावे.

पाण्यात उतरण्याबाबत एकच नियम पाळावा. मुलाच्या गुडघ्यापलीकडे पाणी नको, आणि मोठ्या माणसाचा हात त्याच्या दंडाला हवा. हा हात फोन धरलेला नसावा. ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढते, तेव्हा तर गुडघाभरसुद्धा नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ती मुले तर मोठी होती. काशीदची पांढरी वाळू पाहून एखादा दिवस तिकडे जाण्याचा मोह होईल. तेथे किनारा चटकन खोल होतो, म्हणून मुलांना वाळूतच खेळू द्यावे.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह नेणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू आहे आणि पाण्यावरचा प्रवास साधारण तासाभराचा असतो. मुलाला ती फार आवडेल. परंतु घोडबंदर रस्त्यावरून निघून भाऊचा धक्का गाठायचा, वेळेआधी रांगेत लागायचे आणि मांडव्याहून पुढे पुन्हा अलिबागमार्गे नागावपर्यंत जायचे, यात वेळ काही वाचत नाही. मुलांच्या हौसेसाठी जायचे असेल, तरच जावे. एरवी पहाटे साडेपाचला निघून ठाणे-बेलापूर रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ असे गेलेले बरे. मुलीला झोपेतच गाडीत ठेवता येते आणि पेणला न्याहारीला थांबता येते. खोली दुपारी बाराआधी मिळत नसेल, तर त्या दिवसापुरती सकाळी लवकर देता येईल का, हे मालकीणबाईंना आधीच विचारावे. वाडीतली माणसे खोली रिकामी असेल, तर सहसा नाही म्हणत नाहीत.

जेवण घरगुती असेल तेथे ते आधी सांगावे लागते. आदल्या रात्रीच उद्या काय हवे ते कळवावे आणि धाकटीसाठी आसट भात, साधे वरण आणि तूप बाजूला काढून ठेवायला सांगावे. मोठ्यांचे मासे होईपर्यंत तिचे जेवण उरकलेले असले पाहिजे. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे किंवा विकतचे वापरावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी अनेकदा मचूळ असते आणि मुलांच्या पोटाला ते मानवत नाही. ताप, जुलाब आणि खरचटणे यांवरची नेहमीची औषधे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून सोबत ठेवावीत. अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने जिल्हा रुग्णालय तेथेच आहे, आणि दूरच्या दिवेआगरपेक्षा नागाव-अक्षी निवडण्याचे हेही एक कारण आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सासऱ्यांच्या फोनमध्येही नोंदवून ठेवावा.

आरक्षण करताना पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला, विशेषतः केवळ क्यूआर कोड पाठवून घाई करणाऱ्याला, पैसे देऊ नयेत. प्रसिद्ध जागांच्या नावाने खोटी पाने तयार करून फसवणूक होते. थोडी विसार रक्कम द्यावी, जादा माणसाचे आणि जादा गादीचे किती ते ठरवून घ्यावे, आणि ठरलेले सगळे संदेशाने लिहून मागवावे. शेजारच्या वाडीत लग्नाचा हॉल किंवा लॉन आहे का, हे विचारायला विसरू नये. डिसेंबर हा लग्नसराईचा महिना असतो.

सासऱ्यांसाठी मालकीणबाईंकडून एक हलकी खुर्ची मागून घ्यावी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास ती सुरूच्या सावलीत नेऊन ठेवावी. समोर नातू वाळूत खड्डा खणत असताना त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. मुलीला घेऊन तुम्ही तोवर पाण्याच्या कडेने थोडे चालून यावे.